यंदा काय ऐकलं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भजनी मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, "महाराज, दिंडीचा इतिहास दुसरे सांगणार आहेत, हिशेब तिसरे सांगणार आहेत, तुम्ही भजनाचं सांगा." आमचं शिक्षण चौथी. वावर आणि कीर्तन या दोन गोष्टींपलीकडं आम्हाला काही येत नाही. म्हणून भजनाचं शास्त्र आम्ही सांगणार नाही. आपल्या दिंडीत चाळीसेक वर्षांपासून एक रीत चालत आली, तिच्याबद्दल बोलतो. ती रीत म्हणजे आपण ऐकलेलं भजन दुसऱ्याला ऐकायला देणं, आणि ते कसं वाटलं हे त्यानं वापस येऊन सांगणं.

हे आजच बोलायचं कारणही सांगून टाकतो. शताब्दीनिमित्त दिंडीचा अल्बम काढायचं चाललं आहे. पोरांनी हौसेनं वर्गणी जमवली, त्यांचं कौतुकच आहे. काहींचं म्हणणं असं की शहरातल्या स्टुडिओत जावं, नावाजलेला गायक आणावा आणि आठ अभंग झकास गाऊन घ्यावेत. काही म्हणतात, आपलेच लोक गातील, बाहेरचा कशाले पाहिजे? परवाच्या बैठकीत आवाज चढले, दोघेजण न जेवता उठून गेले. आम्हाला वाटतं, या भांडणाचं उत्तर आपल्याच जुन्या रीतीत आहे. म्हणून आधी रीत सांगतो, मग उत्तराकडं येतो.

आमच्या लहानपणी गावात ऐकायचं साधन म्हणजे ग्रामपंचायतीचा रेडिओ. नागपूरचं केंद्र १९४८ साली सुरू झालेलं, त्यावर सकाळी अभंग लागत. लग्नात नाहीतर पोळ्याला भाड्याचा भोंगा येई, त्यासोबत तबकड्या येत. पण रेडिओ काय आणि भोंगा काय, दुसऱ्याच्या मर्जीनं वाजायचे. १९८० च्या पुढं-मागं टेपरेकॉर्डर खेड्यात आला तेव्हा माणसाला पहिल्यांदा आपल्या मर्जीनं अभंग ऐकता आला. कपाशीचे पैसे हाती आले की बायको लुगडं म्हणे, पोरगं सायकल म्हणे, आणि माळकरी माणूस अकोल्याच्या बाजारात कॅसेटीच्या दुकानापुढं उभा राही.

कॅसेट महाग होती. प्रत्येकानं घ्यावी अशी ऐपत नव्हती. म्हणून दिंडीच्या सामानाच्या गाडीत पत्र्याचा एक डबा ठेवला. ज्याच्याकडं जी कॅसेट असेल ती त्यानं डब्यात टाकायची. मुक्कामाला जेवणं झाली, हरिपाठ झाला, की सेलवर चालणारा टेप मधात ठेवायचा आणि ऐकायचं. वारी सरली की ज्याला जी पाहिजे ती त्यानं घरी न्यायची, माघातल्या सप्ताहात वापस आणायची. आषाढीला पुन्हा भेट झाली की पाऊस-पाण्याच्या आधी विचारणं होई, "काय भाऊ, औंदा काय ऐकलं?"

तेव्हाचे आपले विणेकरी बाबा मोठे शिस्तीचे. ते म्हणत, "नुसतं 'लय चांगली हाये' म्हणून कॅसेट देऊ नका. गूळबी चांगला असते अन् मीठबी चांगलं असते." त्यांनी चार प्रश्न लावून दिले. एक, शब्द कोणाचा? दोन, चरण किती घेतले? तीन, बोल कानात नीट पडतो का? चार, मागच्याला म्हणता येते का? ज्यानं ऐकलं त्यानं या चारांची उत्तरं एका चिठ्ठीवर लिहून कॅसेटीच्या डबीत ठेवायची. ज्याला लिहिता येत नसे तो शाळेतल्या पोराकडून लिहून घेई. एकेका डबीत पाच-पाच, सात-सात चिठ्ठ्या होत. एकानं वानलं ते दुसऱ्यानं खोडलेलं असे. त्यातल्या काही चिठ्ठ्या आम्ही जपून ठेवल्या आहेत, आज बंडीच्या खिशात घालून आणल्या आहेत.

पहिला प्रश्न, शब्द कोणाचा? कीर्तनात प्रमाण म्हणून संतांचाच अभंग घ्यायचा, हा आपला दंडक. आता गंमत पाहा. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' चित्रपट आला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. त्यातलं बीज आणि झाडाचं पद गावोगाव पोचलं, आणि माणसं ते तुकोबारायांचाच अभंग म्हणून गाऊ लागली. गाथा उघडून पाहाल तर ते पद सापडत नाही. ते शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलं. इतकं हुबेहूब लिहिलं की जाणत्यांनाही चकवा बसला. 'कानडा राजा पंढरीचा' तसंच. 'झाला महार पंढरीनाथ' या १९७० च्या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांड्यांनी गायलं. आणि वारीच्या वाटेवरचं प्रल्हाद शिंद्यांचं गाणं? ते तर आता वारीचंच झालं.

यावर आपल्या डबीत दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, "संताचा शब्द नाई. डब्यातून काढा." दुसरी दर्यापूरकडच्या एका शेतमजूर बाईनं सांगून लिहवली होती, "काढू नका. पाय दुखते तवा हेच चालवते." विणेकरी बाबांनी दोन्ही वाचल्या आणि निकाल दिला : कीर्तनात घेऊ नका, विसाव्याला म्हणा, आणि म्हणताना कवीचं नाव सांगा. आम्हाला हा निकाल आजही पटतो. माडगूळकरांचं पद तुकोबांच्या नावावर खपवलं तर दोघांचाही अपमान. ज्याचं त्याला दिलं की गोडी कमी होत नाही.

दुसरा प्रश्न, चरण किती? हा प्रश्न नवख्याला कळत नाही. जुनी तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजे. तेवढ्यात धृपद, दोन चरण, एखादी तान आणि शेवटी नाममुद्रा. बाकीचे चरण बाहेर. गाणाऱ्याचा दोष नाही, तबकडीच तेवढी. पण अभंग म्हणजे काही फुलांची परडी नाही की दोन फुलं कमी झाली तरी चालतील. तुकोबाराय पहिल्या चरणात गोष्ट मांडतात, मधात दाखला देतात, शेवटी निवाडा करतात. मधला दाखला गाळला की निवाडा हवेत लोंबतो. माणिक वर्मांनी गायलेला नामदेवरायांचा नामाच्या गोडीचा अभंग ऐका. आवाज असा की तापलेल्या डोळ्यावर ओला पदर ठेवावा. पण रेकॉर्डवरून शिकलेल्या माणसाला तेवढाच अभंग येई. म्हणून आपल्याकडं रीत पडली, की अशी कॅसेट पुढं देताना गळालेले चरण गाथ्यातून उतरवून डबीत ठेवायचे. तुकोबांच्या गाथ्याची सरकारी प्रत १९५० साली निघाली, ती आपल्या दिंडीत एकाकडं होती. पावसापासून राखायला तिला खताच्या थैलीचं वेष्टण होतं. कॅसेट ऐकून अर्धा अभंग यायचा आणि चिठ्ठी वाचून पुरा व्हायचा. पुष्कळ पोट्ट्यांना गाथा उघडायची सवय लागली ती या चिठ्ठ्यांपायी.

तिसरा प्रश्न, बोल कानात पडतो का? इथं लतादीदींचं नाव घ्यावंच लागते. ज्ञानोबारायांच्या रचना हृदयनाथांच्या चालीत, आणि तुकोबांचे अभंग श्रीनिवास खळ्यांच्या चालीत, असे दोन संच आपल्या डब्यात होते. एक-एक अक्षर असं सुटं, की निवडून सुपात टाकलेली ज्वारी. ज्ञानोबांच्या संचावर अकोट तालुक्यातल्या एका गड्याची चिठ्ठी आहे. खारपाणपट्ट्यातला गडी, वर डोंगराच्या बाजूला मेहुण्याच्या वावरात रात्री ओलिताला जाई. लिहितो, "रात्री पाणी देता देता ऐकली. मोटर चालू होती तवा गोड लागली. लाईन गेली, मोटर बंद पडली, मंग समजली. मले रडू आलं. चाल म्हणून पाह्यली, जमत नाई. ऐकाची, गाची नाई." याच्याहून खरी पारख आम्ही कोण्या पंडिताकडून ऐकली नाही. हृदयनाथांच्या त्या चाली म्हणजे अरुंद धुऱ्यावरून चालणं. लतादीदी चालतात, आपण गेलो तर पाण्यात. २०२२ च्या फेब्रुवारीत दीदी गेल्या, तेव्हा आपल्या गावोगावच्या काकड्याला त्यांचं नाव घेऊन दोन मिनिटं टाळ थांबले होते.

चौथा प्रश्न, मागच्याला म्हणता येते का? हा सगळ्यांत अवघड, आणि याच्यावरूनच दिंडीत मोठा तंटा झाला होता.

पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग आले तेव्हा सारी दिंडी वेडी झाली. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी त्यातल्या पुष्कळ अभंगांच्या चाली बांधल्या. पंडितजी गदगचे, बोली कानडी. पण विठ्ठलाचं नाव असं घेत की जणू गाभाऱ्यातून हाक येते. 'संतवाणी'चे त्यांचे कार्यक्रम गावोगाव झाले. ज्यांनी जन्मात रागदारी ऐकली नव्हती त्यांनी ती अभंगाच्या पदरानं ऐकली. कॅसेटीच्या डबीत चिठ्ठ्या मावत नव्हत्या. एक आमच्या लक्षात आहे, "बुवाचा आवाज म्हंजे भरली विहीर. वाकून पाहाची हिंमत पाह्यजे."

मग झालं असं. आमच्यातल्या एका तयार गळ्याच्या गायकानं त्यातली एक चाल बसवली आणि पातूरच्या पुढं घाटाच्या चढाला वाटचालीतच उचलली. पहिल्या दोन ओळींना आनंद झाला. तान सुरू झाली आणि तिसऱ्या ओळीपासून टाळ सुटले. मागं कोणाचं धृपद, कोणाचा चरण. दिंडी मधात तुटली. चोपदारानं काठी वर केली. त्या मुक्कामी जेवण थंड होईस्तोवर भांडण. गायकाच्या बाजूचे म्हणाले, एवढं मोठं गाणं आपल्या दिंडीत आलं, तुम्हाला कदर नाही. दुसरे म्हणाले, गाणं तुमचं असेल, वाट आमची आहे.

यातलं कारण समजून घ्या, म्हणजे कोणाचा राग येणार नाही. मैफिलीत गाणारा एक आणि ऐकणारे हजार. वाटचालीत गाणारे सगळे, ऐकणारा फक्त पांडुरंग. विण्यापाशी निघालेला सूर पाचव्या ओळीला पोचेस्तोवर जरासा उशीर होतो. चढावर दम लागलेला, पायात गोटे, डोक्यावर ऊन. अशा वेळी धृपद आखूड पाहिजे, थांबा ठरलेला पाहिजे, आणि आठ मात्रांचा भजनी ठेका पावलाला बसला पाहिजे. तान ही एकट्याची गोष्ट आहे. ती सुरू झाली की मागचा माणूस मुका होतो. तो मुका झाला की त्याचे पाय जड होतात. चालून पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

बाबांनी निकाल दिला : ही चाल बैठ्या भजनात गा, कीर्तनात गा, वाटचालीत नको. पण गोष्ट इथं संपली नाही. दोन-तीन वर्षांनी आपल्या मृदंगवाल्या भाऊंनी, आता ते वैकुंठवासी आहेत, तीच चाल घेतली. तान काढली. वरचा सूर एक पायरी खाली आणला. धृपद अर्धं केलं आणि ठेका सरळ केला. नर्सीपासून गंगाखेडपर्यंत, म्हणजे नामदेवरायांच्या गावापासून जनाबाईंच्या गावापर्यंत, रोज थोडी थोडी म्हणून घेतली. मागच्या ओळीतल्या बायांनी त्यात आपल्या गळ्याला सोयीचं एक वळण टाकलं. आज ती चाल सारी दिंडी म्हणते. तरुण पोरांना वाटतं, ही आपली पणज्यापासूनची चाल. अहो, ती पुण्या-मुंबईहून कॅसेटीत बसून आली आणि आपल्या पायाखाली घासून घासून आपली झाली. नदीतला गोटा जसा गोल होतो तशी. मायबाप, या चालीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामी पडणार आहे.

आता याची दुसरी बाजू. बाबामहाराज सातारकर यांचा हरिपाठ महाराष्ट्रभर घराघरात पोचला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराज वैकुंठवासी झाले, पण अजूनही कितीतरी गावांत दिवेलागणीला देवळाच्या भोंग्यावर तोच हरिपाठ लागतो. चारही प्रश्नांना तो उतरतो. शब्द संतांचा, चरण पुरे, बोल स्पष्ट, आणि मागं म्हणणाऱ्यांचा समूह असा की ऐकणारा आपोआप त्यांच्यात जाऊन उभा राहतो. चिठ्ठी होती, "बुढीले दिसत नाई, वाचता येत नाई. टेपासंगं बसून तिचा सारा हरिपाठ पाठ झाला." एवढं पुण्य कोण्या पुस्तकानं केलं?

पण आपल्या दिंडीची हरिपाठाची स्वतःची एक चाल होती. सावकाश, बैलाच्या चालीसारखी. धृपदाला शेवटी एक हेलकावा. पूर्णेच्या काठच्या गावांत ती म्हणत. कॅसेट आली आणि सगळीकडं एकच वेग झाला. यात सातारकर महाराजांचा काहीही दोष नाही, त्यांनी दिवा लावला. आपल्या घरातला दिवा कोणी विझवा म्हणून सांगितलं नव्हतं. आज ती सावकाश चाल पुरी येणारी तीन माणसं उरली आहेत. दोन बाया आणि एक बुवा, तिघंही ऐंशीच्या पुढं. एक माउली तर या मांडवात पुढच्याच सतरंजीवर बसली आहे. काकड्याच्या चालींचं तसंच. त्यातल्या दोन आता फक्त एकाच घरात ऐकू येतात.

चार प्रश्नांत न मावणाऱ्या कॅसेटीही डब्यात होत्या. त्यातली एक किशोरीताई आमोणकरांची. त्यात संत सोयराबाईंचा अभंग आहे, भैरवीतला. आपल्या कोणाला तो तसा गाता येत नाही. तरी ती कॅसेट सगळ्यांत जास्त गावं फिरली. कारण सांगतो. सोयराबाई म्हणजे चोखोबारायांच्या पत्नी. चोखोबांचं गाव आपल्या वऱ्हाडातलं, बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा, असं सांगतात. त्यांची समाधी पंढरीत नामदेव पायरीशी. देवळाच्या आत जाऊ दिलं नाही त्या घरातल्या बाईचा शब्द, आणि तो एवढ्या मोठ्या गायिकेच्या तोंडून घरोघरी गेला. त्या डबीतली एक चिठ्ठी एका शाळकरी पोरीची होती, "ह्या बाईचे अजून अभंग कुठे भेटतील?" तिच्यासाठी तेव्हाच्या मंडळींनी सोयराबाई, निर्मळा, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग शोधून उतरवले. त्या वहीवरून आज आपल्या दिंडीतल्या बाया स्वतंत्र भजन करतात.

दुसरी, गाडगेबाबांच्या कीर्तनाची. बाबा आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला, आणि त्याआधीच्या महिन्यात मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. त्यात राग नाही, मात्रा नाही, गळा बसलेला. पण बाबा लोकांना प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात. सबंध मांडवाचा आवाज त्या फितीत आहे. आणि बोली कोणती? आपलीच वऱ्हाडी! शहरातल्या मोठमोठ्या लोकांपुढं हा माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलतो, हे ऐकून आमच्या पिढीची भीड चेपली. आम्ही कीर्तनात वऱ्हाडी बोलू लागलो ते त्यानंतर.

तिसरी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी. महाराज यावलीचे, १९६८ ला मोझरीत गेले. खंजिरीवर पडणारी ती थाप ऐकून आमचा बाप ताटावरून उठून उभा राही. आपल्या भागात गुरुदेव सेवा मंडळाची भजनं गावोगाव आहेत. खंजिरी आणि मृदंग यांचं वैर नाही, हे आपल्या डब्यानं शिकवलं. दोन्ही कॅसेटी शेजारी-शेजारी पडून असत.

आता मोबाईलचं. मोबाईलला नावं ठेवायला आम्ही उभे नाही. आमच्या नातीनं आम्हाला त्यात भीमसेनजी, किशोरीताई, सारे काढून दिले. वखर हाकता हाकता ऐकतो. पूर्वी एका कॅसेटीसाठी अकोल्याची चक्कर पडायची, आता बोटावर आहे. पण एक गोष्ट गेली. दिवसाला वीस अभंग येतात, आणि पाठवणारा काहीच सांगत नाही. गायक कोण, संत कोण, चाल कोणाची, हे लिहिलेलं नसते. पाठवणाऱ्यानं स्वतः पुरं ऐकलं की नाही, हेही कळत नाही. खाली नुसते हात जोडलेले. आमचं पोरांना एवढंच म्हणणं आहे. वीस पाठवू नका, एक पाठवा. आणि पाठवताना त्याखाली चार उत्तरं लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा. भीमसेनजींच्या डबीत 'आपल्याले झेपत नाई' अशी चिठ्ठी होती, त्यानं भीमसेनजी लहान झाले नाहीत. उलट त्या चिठ्ठीमुळंच मृदंगवाल्या भाऊंना कळलं की चाल कुठं हलकी करायची.

आता येतो अल्बमावर.

शहरातला नावाजलेला गायक आणून आठ अभंग गाऊन घ्या, या म्हणण्याला चार प्रश्न लावून पाहू. शब्द संतांचा राहील, ठीक. चरण पुरे घ्यायला सांगता येईल, ठीक. बोल स्पष्ट येईल, तो तर त्याचा धंदाच आहे. मागच्याला म्हणता येईल का? तिथं अडते. आणि पाचवी गोष्ट, असा चांगला गाणारा माणूस बाजारात आहेच. भीमसेनजी आहेत, लतादीदी आहेत. त्यांच्या पुढं आपण वर्गणीच्या पैशात काय नवं देणार? शंभर वर्षांच्या दिंडीचा म्हणून जो अल्बम कोणी दुसऱ्या गावाला देईल, त्यात दुसरीकडं कुठंच मिळत नाही अशी वस्तू पाहिजे. ती वस्तू आपल्याकडं आहे. पूर्णाकाठची हरिपाठाची चाल, काकड्याच्या त्या दोन चाली, बायांच्या गौळणी, आणि घासून घासून आपली केलेली ती कॅसेटीतली चाल.

आणि 'आपलेच लोक गातील' म्हणणाऱ्यांनाही सांगतो, आपले म्हणून काहीही चालणार नाही. फोटोसाठी पुढं उभं राहायचं आणि गळा नसताना माईक धरायचा, हे नको. जिला चाल येते तिनं सांगायची, मग ती कोण्या घरची, कोण्या गावची हे पाहायचं नाही. मागं म्हणायला सारी दिंडी. आवाज भरणारा तज्ज्ञ माणूस शहरातून अवश्य आणा, त्याचे पैसे द्या. तरुण गायकाला शेवटी एक अभंग त्याच्या तयारीनं गाऊ द्या, त्याचाही मान राहील. पण मुख्य काम देवळात बसून, टाळ-मृदंगावर, आहे तशा आवाजात करा. मधात बुढीला खोकला आला तर येऊ द्या.

प्रत्येक अभंगाच्या आधी चार वाक्यं बोलून भरा. अभंग कोणाचा, चरण किती, चाल कोणाकडून आली, मागच्यानं धृपद कुठून धरायचं. म्हणजे चिठ्ठी डबीतून हरवायची भीती नाही. दहा वर्षांनी मूर्तिजापूरकडच्या एखाद्या गावात कोणी पोट्टं ऐकून राह्यलं, तर त्याला ती चाल उचलता आली पाहिजे. उचलता आली नाही तर तेही त्यानं आपल्याला कळवलं पाहिजे.

आणखी एक अट अल्बमासोबत घालून ठेवा. तो वाटचालीत गाडीवरच्या भोंग्यावर लावायचा नाही. मुक्कामाला ऐका, घरी ऐका, वावरात ऐका. पण भोंगा गातो आणि माणसं मुकी चालतात, असं आपल्या दिंडीत होऊ देऊ नका. पुढच्या शंभर वर्षांत चाल टिकायची असेल तर ती चालता चालताच टिकेल. अल्बम फक्त विसरलेल्याला आठवण करून देण्यापुरता.

हे काम उद्यावर ठेवण्यासारखं नाही. ज्यांना चाली येतात ती माणसं किती वयाची आहेत, ते तुम्ही पाहून राह्यले. कपाशीची वेचणी आटोपली की माघातल्या सप्ताहाच्या आधी तीन दिवस काढू. कोणाच्या घरी आजीला, आत्याला, चुलत्याला जुनी चाल येत असेल तर आज जेवणानंतर मांडवाच्या उजव्या बाजूला आमचा नातू वही घेऊन बसला आहे, त्याच्यापाशी गावासकट नाव सांगा. परवा न जेवता उठलेल्या त्या दोन्ही भाऊंनाही विनंती आहे. एकानं माणसं गोळा करायचं पाहावं, एकानं आवाज भरणाऱ्याचं पाहावं. आणि आज पंगतीला दोघं शेजारी बसा, आम्ही मधात बसतो.

डब्यातल्या चिठ्ठ्या आम्ही स्मरणिकेच्या मंडळींकडं देत आहोत. कोणाला आपल्या बापाचं, मायचं अक्षर ओळखू आलं तर ती चिठ्ठी घरी न्या, पण आधी तिची नक्कल करून द्या.

एवढं बोलून शब्दसेवा थांबवतो. पंगतीच्या आधी पुढच्या सतरंजीवरच्या आपल्या माउली त्यांच्या चालीत हरिपाठाचे दोन अभंग सांगणार आहेत. टाळ हळू धरा, आणि मागं सगळ्यांनी म्हणा.

रामकृष्णहरी.